कॅरिअर नाही? तरी नाव न्यायचीय!

शीर्षक वाचून प्लेसमेंट सेलचा लेख समजून पान उलटणार असाल तर थांबा. हे "करिअर" नाही, "कॅरिअर" आहे. गाडीच्या टपावर असतं ते, लोखंडी. ते नसताना टपावरून नाव न्यायची असेल तर काय करायचं, याबद्दल हा लेख आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीत कुठे इंग्रजी शब्द डोकावला तर सांभाळून घ्या. मेकॅनिक्सचं मराठी तर आपण सगळेच व्हायव्हाच्या आदल्या रात्री शिकतो.

आमच्या ग्रुपकडे एक कयाक आहे. प्लॅस्टिकची, लांबी ३ मीटर, रुंदी ७५ सेंटिमीटर, वजन २४ किलो. न्यायची होती प्रतापगडला. आता प्रतापगड म्हटलं की सगळे "अफझलखान!" म्हणून ओरडतात. तो साताऱ्याचा. आपला प्रतापगड गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. इथे डोंगरावर महादेव आहे, तिथेच दर्गाही आहे, आणि महाशिवरात्रीच्या यात्रेला दोन्हीकडे दर्शन घेणारे लोक येतात. जवळच गोठणगावला १९७२ पासून तिबेटी लोकांची नोर्गेलिंग वसाहत आहे. आणि आमच्या मतलबाची गोष्ट म्हणजे गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण. जंगलाने वेढलेलं एवढं मोठं पाणी आणि आमची कयाक नागपूरला हॉस्टेलच्या जिन्याखाली धूळ खात पडलेली!

गाडी होती एका मैत्रिणीच्या घरची. छोटी, साडेतीन मीटरची, टप गुळगुळीत. कॅरिअर नाही. काका म्हणाले, "न्या, पण टपाला पोचा पडला तर बघा." या एका वाक्यामुळे आम्ही दोन दिवस कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे. उद्या तुम्हाला कयाक न्यायची वेळ येईलच असं नाही, पण गादी, शिडी, पीव्हीसी पाइप, प्रोजेक्टचं मॉडेल यातलं काहीतरी एक दिवस टपावर बांधणारच आहात.

हा प्रश्न आधी कुणाला का पडला नाही?

गोंदिया-भंडारा म्हणजे तलावांचा मुलूख. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला नवेगावबांध तर सगळ्यांना माहीत आहे. त्याशिवाय गावोगावी मालगुजारी तलाव आहेत. या तलावांवर ढीवर लोक पिढ्यानपिढ्या डोंगा घेऊन मासेमारी करतात. पण डोंगा त्याच्या तलावाचा असतो. तो तिथेच बनतो, काठावरच पालथा पडून राहतो आणि तिथेच म्हातारा होतो. त्याला हायवेवर न्यायची गरजच पडत नाही.

कयाकचं तसं नाही. मुळात ती उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची शिकारीची होडी. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा आणि त्यावर सीलचं कातडं. एका माणसाने उचलून बर्फावरून पाण्यापर्यंत नेता येईल इतकी हलकी. म्हणजे "उचलून नेणे" हे तिच्या डिझाइनमध्येच आहे. फक्त नागपूर ते इटियाडोह खांद्यावर नेणं जमणार नाही, म्हणून गाडी.

वजन हा प्रश्नच नाही

सगळ्यांचा पहिला प्रश्न असतो, "टपाला वजन झेपेल का?" २४ किलो म्हणजे एक लहान मूल. टपावर नीट पसरवून ठेवलं तर झेपतं. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये टपावरच्या वजनाची मर्यादा दिलेली असते, ती एकदा बघून घ्या. (मॅन्युअल डॅशबोर्डच्या खणात असतं. कव्हर न फाडलेलं.)

खरा प्रश्न आहे वाऱ्याचा आणि ब्रेकचा.

आधी वारा. हवेचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे फ्लुइड मेकॅनिक्सच्या सरांनी सांगितलेलं आहे. आकडे घालून बघू. ताशी ४० किलोमीटरला समोरून येणारी हवा दर चौरस मीटरला साधारण साडेसात किलोच्या जोराने ढकलते. ताशी ८० ला वेग दुप्पट, पण जोर चौपट, म्हणजे ३० किलो. ताशी १०० ला ४७ किलो. (इथे किलो म्हणजे किलोग्रॅम-फोर्स. न्यूटन हवे असतील त्या सरांनी कृपया ९.८ ने गुणावं.)

आता गाडीची पुढची काच तिरपी असते. तिच्यावर आदळलेली हवा वर चढते आणि बरोबर कयाकच्या नाकाखाली घुसते. कयाकचं वरून दिसणारं क्षेत्रफळ धरा दीड-पावणेदोन चौरस मीटर. हवेच्या दाबाचा फक्त एक-तृतीयांश भाग तिला वर उचलतोय असं मानू. मग ताशी ८० ला सुमारे १६ किलोचा जोर वरच्या दिशेने लागतो. २४ किलोची कयाक टपावर ८ किलोची होऊन बसते. समोरून ट्रक आला, त्याच्या वाऱ्याचा झोत मिळाला आणि हवेचा वेग क्षणभर १०० च्या वर गेला, की वर उचलणारा जोर २५ किलो. म्हणजे कयाकचं वजन शून्य! त्यानंतर ती आपली राहत नाही, हवेची होते. एक-तृतीयांश हा ढोबळ हिशोब आहे, पण गणित कुठल्या दिशेने चाललंय ते कळायला पुरेसा आहे.

आता ब्रेक. साकोलीच्या पुढे धानाच्या बांध्यांमधून रस्ता जातो. अचानक म्हशी आडव्या येतात. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला तर गाडी गुरुत्वाकर्षणाच्या पाऊण पटीने थांबते. पण कयाकला कुणी ब्रेक लावलेला नाही. ती २४ च्या पाऊण पट, म्हणजे १८ किलोच्या जोराने पुढे निघते. तिला अडवणारं घर्षण किती? फोम आणि टप यांचा गुणांक ०.४ धरला तर नुसत्या वजनाने जेमतेम १० किलो. उरलेले ८ किलो कुणीतरी अडवले पाहिजेत, नाहीतर कयाक बॉनेटवरून पुढे. आणि हे घर्षण वजन पूर्ण असताना! वाऱ्याने वजन कमी केलं की घर्षणही तेवढंच कमी होतं.

दोरी ढकलत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. हा एक लक्षात राहिला तरी लेख वाचल्याचं सार्थक.

बहुतेक लोक काय करतात? टपावर वस्तू ठेवतात, दारांमधून दोन दोऱ्या आडव्या घेतात, दात-ओठ खाऊन आवळतात आणि निघतात. फार तर पुढे एक दोरी बांधतात, "ब्रेक मारला तर पुढे जाऊ नये म्हणून."

पहिल्या सेमिस्टरचं अप्लाइड मेकॅनिक्स आठवा. दोरी फक्त ओढते, ती ढकलू शकत नाही. कयाकच्या नाकापासून बंपरकडे जाणारी दोरी कयाकला पुढे आणि खाली ओढते. ब्रेक लागून कयाक पुढे सरकली की ही दोरी सैल पडते. ब्रेकच्या वेळी तिचा काडीचाही उपयोग नाही! ती लागते वाऱ्यासाठी, नाक वर उचललं जाऊ नये म्हणून. ब्रेकच्या वेळी कयाकला धरून ठेवते ती मागची दोरी, शेपटापासून गाडीच्या मागच्या हुकापर्यंत जाणारी. म्हणजे पुढची दोरी वाऱ्याची आणि मागची दोरी ब्रेकची. लोक नेमकी मागचीच विसरतात.

मग आडवे पट्टे कशाला? ते कयाकला टपावर दाबून धरतात. एका पट्ट्याला १५ किलोचा ताण दिला तर तो डावीकडून १५ आणि उजवीकडून १५ असा खाली ओढतो. दोन पट्ट्यांचे मिळून ६० किलोच्या आसपास. पट्टा तिरपा असेल तर थोडे कमी. त्यामुळे घर्षण वाढतं आणि ब्रेकलाही मदत होते. "मग आणखी आवळू की!" म्हणाल, तर हे ६० किलो शेवटी टपावरच येतात. २४ आणि ६० मिळून ८४ झाले. टपाचा पत्रा मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीचा असतो. काकांचा पोचा आला म्हणून समजा. म्हणून पट्टे बेताने आवळायचे आणि पुढे-मागे सरकणं थांबवण्याचं काम पुढच्या-मागच्या दोऱ्यांवर सोपवायचं. मागची दोरी ४५ अंशात असेल आणि ब्रेकचा सगळा १८ किलोचा जोर तिनेच घ्यायचा म्हटलं, तरी तिच्यात ताण येतो फक्त २५ किलो. ८ मिलिमीटरची चांगली नायलॉन दोरी याच्या कितीतरी पट ताण सहन करते. दोरी क्वचितच तुटते. सुटते ती गाठ, किंवा उपटतो तो हुक.

या दोऱ्यांचा आणखी एक फायदा आहे. छोट्या गाडीत पुढच्या दारातला आणि मागच्या दारातला पट्टा यांत जेमतेम मीटरभर अंतर असतं. म्हणजे प्रत्येक पट्टा कयाकच्या मध्यापासून अर्धा मीटर आणि नाक दीड मीटर. बाजूच्या वाऱ्याने नाक फिरायला लागलं, तर जे काम नाकावरची दोरी १ किलोत करते त्यासाठी पट्ट्याला ३ किलो लागतात. लिव्हरचा साधा नियम. म्हणून नाकापासून एक नाही, दोन दोऱ्या काढायच्या. एक डाव्या हुकाला, एक उजव्या. समोरून पाहिलं तर उलट्या व्ही सारखा आकार दिसला पाहिजे. मागेही तसंच.

प्रत्यक्ष बांधायचं कसं

१) टप पुसा. धूळ राहिली तर ती पॉलिश पेपरचं काम करते. रंगाची वाट लागते.

२) गादी तयार करा. बाहेर यासाठी तयार फोमचे ठोकळे मिळतात. आपल्याकडे फ्रिज किंवा टीव्हीच्या खोक्यातला पांढरा लवचीक फोम चालतो. थर्माकोल नको, त्याचा चुरा होतो. सतरंजी किंवा चादरही नको, ती घसरते. दोन जाड पट्ट्या आडव्या ठेवा, एक पुढच्या दारांच्या वर आणि एक मागच्या दारांच्या वर. टपाचा मधला भाग सगळ्यात नरम, कडेचा भाग मजबूत, कारण त्याच्या खाली दारांचे खांब असतात. फोमची पट्टी कडेपर्यंत गेली की वजन खांबांकडे जातं.

जुन्या ॲम्बॅसिडर आणि ओम्नीच्या टपाला कडेने पन्हळ असायची, पावसाचं पाणी जायला. त्या पन्हळीला कॅरिअरचे क्लॅम्प बसायचे, म्हणून तेव्हा कॅरिअर लावणं सोपं होतं. आताच्या बहुतेक छोट्या गाड्यांना ती पन्हळच नाही. डिझाइन सुधारलं, वाऱ्याचा आवाज कमी झाला आणि आपली पंचाईत झाली.

३) कयाक पालथी ठेवा. पाऊस आला तरी पाणी साचत नाही आणि काठ फोमवर सपाट बसतात. चढवताना मागून चढवा. मागच्या काचेच्या वर टॉवेल टाका, नाक त्यावर टेकवा, एकाने शेपूट धरून ढकला आणि दुसऱ्याने बाजूने दिशा द्या. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून समोर बघा. नाक रस्ता झाकत असेल तर कयाक मागे घ्या.

४) पट्टे दारांतून घ्या, खिडक्यांतून नाही. चारही दारं उघडा, पट्टा कयाकवरून घेऊन आत छताखालून फिरवा, बक्कल लावा आणि मग दारं बंद करा. खिडकीतून पट्टा घेतला तर दारं बांधली जातात. आत बसलेले लोक उघडू शकत नाहीत. अपघात झाला तर? नुसत्या विचारानेच अंगावर काटा येतो. म्हणून निघण्याआधी प्रत्येक दार आतून उघडून बघा. गाडीच्या छताच्या कडेला पडद्यासारख्या एअरबॅग असतील, तर पट्टा त्यांच्या आड येतो. अशा गाडीत ही पद्धत वापरू नका, खरंखुरं कॅरिअर बसवा.

५) पट्टा साध्या बक्कलचा घ्या. ट्रकवर वापरतात तो रॅचेट पट्टा इतका ताकदवान असतो की कयाक चेपून टाकतो. आणि तो लगेजचा रबरी हुक, जो आपण बाइकच्या मागे बॅग बांधायला वापरतो, तो अजिबात नको. रबर ताणलं जातं, हा त्याचा गुणच आहे. वाऱ्याने कयाक उचलली की तेही आनंदाने ताणलं जाईल.

६) पुढच्या-मागच्या दोऱ्या टो-हुकला बांधा. बंपरला नाही, बंपर प्लॅस्टिकचा असतो. हुक एकच असेल तर वर्कशॉपच्या काकांना भेटा. बॉनेटच्या आत कडेला जे बोल्ट असतात, त्यातल्या मजबूत बोल्टमध्ये वॉशर घालून नायलॉनच्या पट्टीचा फासा अडकवता येतो. बॉनेट बंद केलं की फासा बाहेर डोकावतो. काम झालं की परत आत. दोरी जिथे रंगाला घासते तिथे सायकलची जुनी ट्यूब चढवा.

७) गाठ. तणसाने शिगोशिग भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली पाहिली असेल. ती ज्या गाठीने आवळतात तीच वापरायची. दोरीच्या मध्ये एक फासा करा. मोकळं टोक खालच्या हुकातून घेऊन वर आणा, त्या फाशातून ओवा आणि खाली ओढा. पुलीसारखं काम होतं. पुस्तकाप्रमाणे तिप्पट जोर मिळतो. दोरी दोरीला घासते त्यामुळे प्रत्यक्षात बराच कमी, पण हाताने ओढण्यापेक्षा नक्कीच जास्त. शेवटी दोन अर्ध्या गाठी मारा आणि उरलेली दोरी गुंडाळून खोचा. लोंबणारी दोरी चाकात गेली तर सगळं मुसळ केरात. ही गाठ कुठल्याही ट्रकच्या क्लीनरकडून पाच मिनिटांत शिकता येते, आणि तो आपल्यापेक्षा चांगली शिकवतो, हेही सांगून टाकते.

८) परीक्षा. कयाकचं नाक दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. गाडी हलली पाहिजे, कयाक नाही. कयाक गाडीवर हलली तर नापास. पुन्हा बांधा. आमच्यातल्या एकाने रद्दीवाल्याचा स्प्रिंगचा काटा आणून कयाक २० किलोपर्यंत पुढे ओढून पाहिली. ब्रेकचा हिशोब १८ चा होता. काटा २० वर गेला आणि कयाक बोटभरही सरकली नाही, तेव्हा कुठे काकांनी किल्ली दिली.

रस्त्यावर

नागपूर ते साकोली साधारण १०० किलोमीटर, जुना नॅशनल हायवे ६, ज्याला आता ५३ म्हणतात. आम्ही ठरवलं होतं की ताशी ६० च्या वर जायचं नाही. मागच्या सीटवरून "अरे बैलगाडी आहे का?" असे टोमणे आले, पण ६० आणि ८० मध्ये वाऱ्याचा जोर जवळजवळ पावणेदोन पट होतो, हे गणित त्यांनीच केलं होतं.

पहिल्या पाच किलोमीटरला थांबा. नंतर दर अर्ध्या तासाने. दोन कारणं आहेत. एक, नायलॉन ताणलं जातं, ओलं झालं की जास्तच. दुसरं खास आपल्या विदर्भाचं. कयाकचं प्लॅस्टिक म्हणजे पॉलिथिलीन, उन्हात ते नरम पडतं. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात कयाक आवळून गाडी उन्हात उभी केली तर पट्ट्याच्या जागी खळगा पडतो आणि पट्टा सैल होतो. भंडाऱ्याला चहाला थांबलो तेव्हा पुढचा पट्टा दोन बोटं सैल झाला होता. म्हणून सावलीत थांबायचं. जास्त वेळ थांबायचं असेल तर पट्टे ढिले करायचे आणि निघताना पुन्हा आवळायचे.

पट्टा वाऱ्यात "घुंsss" असा आवाज करतो. घाबरू नका. चपटा पट्टा वाऱ्यात फडफडतो, त्याचा तो सूर. त्याला एक-दोन पीळ द्या, बंद होतो. पण आवाज अचानक बदलला तर लगेच बाजूला थांबा. काहीतरी सुटलेलं असतं. पाऊस आला तर पट्ट्यावरून पाणी आत येतं आणि थेट मांडीवर गळतं, तेव्हा एक जुना टॉवेल जवळ ठेवा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार कलम १९४ मध्ये, सामान गाडीच्या बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत परवानगीच्या मर्यादेबाहेर गेलं तर २०,००० रुपये दंड आहे. शिवाय ते सामान उतरवायचा खर्चही आपलाच. म्हणजे मेसचं कितीतरी महिन्यांचं बिल! आमची ३ मीटरची कयाक साडेतीन मीटरच्या गाडीवर कुठूनच बाहेर जात नव्हती. तुमची नाव गाडीपेक्षा लांब असेल तर हा मार्गच सोडा. लाल कापड बांधलं की सगळं माफ, असा एक समज आपल्याकडे आहे, तो डोक्यातून काढून टाका.

नाही जमलं तर?

हे न लिहिता लेख संपवला तर तो अर्धवट राहील. कधी कधी बरोबर उत्तर "टपावर न्यायचीच नाही" हे असतं. हुक नाहीत, नाव लांब आहे, वादळी हवा आहे, रात्र होणार आहे, अशा वेळी एक छोटा पिकअप भाड्याने घ्या. चौघांत वाटून फार पडत नाही. नाव हौद्यात आडवी पडते आणि वारा-बिरा सगळं गणित निम्म्यावर येतं.

आणि एक उत्तर आपल्यासारख्याच एका विद्यार्थ्याने शोधलं होतं. म्युनिकमध्ये आल्फ्रेड हॉयरिश नावाचा वास्तुशास्त्राचा विद्यार्थी होता. नाव नदीपर्यंत न्यायची कशी, हाच त्याचाही प्रॉब्लेम. १९०५ साली त्याने लाकडी काड्यांचा सांगाडा आणि वर कापड अशी घडीची कयाक बनवली आणि इसार नदीतून ती चालवून दाखवली. घडी केली की पिशवीत, पिशवी रेल्वेत! १९०७ मध्ये योहान क्लेपर नावाच्या रोझेनहाइमच्या शिंप्याने त्याचे हक्क घेतले आणि अशा कयाक विकायला सुरुवात केली. पुढे १९५६ मध्ये हान्नेस लिंडेमान नावाच्या डॉक्टरने क्लेपरच्याच घडीच्या कयाकमधून अटलांटिक महासागर ओलांडला. आपण विचार करत बसलो नाव गाडीवर कशी बांधायची, त्याने विचार केला नावच पिशवीत का नाही मावत? मेकॅनिकलच्या थर्ड इयरवाल्यांनो, मिनी प्रोजेक्टसाठी विषय शोधताय ना? घ्या! बांबू आपल्या गोंदिया-गडचिरोलीत भरपूर आहे.

पाण्याआधी

पोचलात म्हणजे सगळं झालं असं नाही. धरण जलसंपदा खात्याचं असतं, आणि मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी स्थानिक सहकारी संस्थांकडे असतो. आधी परवानगी घ्या, मग नाव उतरवा. नवेगाव तर १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, तिथे "चल, टाकू नाव" असं चालत नाही. ढीवरांची जाळी कुठे लावली आहेत ते त्यांनाच विचारा आणि त्या बाजूला जाऊ नका. त्यांचं पोट त्यावर आहे, आपली फक्त सुट्टी. आणि लाइफ जॅकेट घाला, पोहता येत असलं तरी.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, "एका प्लॅस्टिकच्या नावेसाठी एवढा खटाटोप?" साकोलीपासून पुढे बराच वेळ आमच्या मागे एक मोटरसायकल होती. नवरा, बायको, मधे छोटी मुलगी, आणि बायकोच्या मांडीवर पिशवी. डोक्यावर हेल्मेट एकाच्याही नाही. मी मागच्या सीटवरून त्यांच्याकडे आणि आमच्या मागच्या दोरीकडे आळीपाळीने बघत होते. कयाक सुटली असती तर आमचं नुकसान झालं असतं काही हजारांचं. त्यांचं किती झालं असतं, ते कुठल्याच फॉर्म्युल्यात बसत नाही. टपावर बांधलेली गाठ आपल्या सामानासाठी नसते, ती मागून येणाऱ्यासाठी असते. हे वाक्य हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये लिहायला हरकत नाही.

तेव्हा मंडळी, पुढची दोरी वाऱ्याची, मागची ब्रेकची, पट्टे दारातून, वेग ६०, आणि गाडी हलली पाहिजे, कयाक नाही. एवढं पाठ करा. कयाक जिन्याखालीच आहे. मागितली तर देऊ, पण आधी गाठ मारून दाखवावी लागेल!